आठवी-नववीच्या मुलींना मैदानावर कसं आणायचं? (कन्याशाळा, पी.टी.चा तास)

माणदेशी_गणित

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका कन्याशाळेत गणित शिकवते. आमच्या क्रीडाशिक्षिका मार्चमध्ये निवृत्त झाल्या, त्यांची जागा अजून भरलेली नाही, आणि जूनपासून पी.टी.चे सगळे तास माझ्याकडे आलेत. पाचवी ते दहावी, वर्गात पंचेचाळीस-पन्नास मुली. मी शाळेत असताना खो-खो खेळले आहे, पण बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) वगैरे काही केलेलं नाही.

पाचवी-सहावीची काळजी नाही. घंटा झाली की त्या चपला काढून पळत सुटतात, त्यांना थांबवावं लागतं. अडचण आठवीपासून सुरू होते. नववीच्या तासाला अर्धा वर्ग लिंबाखाली बसलेला असतो. कुणाच्या पोटात दुखतं, कुणी घरून चिठ्ठी आणलेली असते, कुणाला ऊन सोसत नाही. खेळतात त्या दहा-बारा जणी, रोज त्याच. ह्याच मुली दोन वर्षांपूर्वी सातवीला जाताना मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून लंगडी खेळायच्या, हे मी वर्गाच्या खिडकीतून बघितलेलं आहे. मग मधे झालं काय?

मैदान शाळेच्या मागे आहे, मुरमाड. एका बाजूला रस्ता आणि कमरेएवढी भिंत. तास सुरू झाला की तिथे दोन-तीन मोटरसायकली थांबतातच. गणवेश सलवार-कमीज आणि ओढणी. सामानाच्या खोलीत चाळीसेक लेझिमा, दोन व्हॉलीबॉल, एक गोळा, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या आणि एक शिट्टी. मुख्याध्यापिका चांगल्या आहेत, पण नववीचा तास विज्ञानाला द्यावा असं त्यांनी दोनदा सुचवून झालंय.

ललिता बाबर आमच्याच तालुक्यातली, मोहीची. २०१६ ला रिओमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली. माझ्या सगळ्या मुलींना हे नाव पाठ आहे. तरी लिंबाखालची गर्दी हलत नाही.

तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्यात. बारा चांगल्या मुली निवडून संघ उभा करू, म्हणजे बाकीच्यांना हुरूप येईल? की आधी सगळ्यांना खेळवू? आणि सगळ्यांना खेळवायचं तर पस्तीस मिनिटांत, एकटीने, कसं?

---

खांब_ते_खांब

ताई, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. माझी उभी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या कन्याशाळांमध्ये गेली, पी.टी.च्या बाई म्हणूनच. सविस्तर लिहिते.

संघ आत्ता निवडू नका. जूनमध्ये बारा नावं फळ्यावर लागली की उरलेल्या पस्तीस जणींना त्याच दिवशी कळतं की मैदान आपलं नाही. त्यांना हुरूप येत नाही, त्या टाळ्या वाजवायच्या कामाला लागतात, आणि नववीतली मुलगी एकदा टाळ्या वाजवायला बसली की पुन्हा उठत नाही. सगळ्या वर्गाला महिनाभर खेळवा. संघ त्यातूनच निघेल, आणि आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर असलेल्या बारांपैकी निम्म्याच त्यात असतील.

आता, मधे काय झालं हे विचारलंत. मधे त्यांचं शरीर बदललं. आपली शाळा मात्र सहावीतल्या मुलीला सांगावं तेच आठवीतल्या मुलीला सांगते: पळ. तुम्ही एकदा त्यांचं पळणं नीट बघा. कितीतरी मुली एक हात छातीशी घट्ट धरून पळतात, दुसऱ्या हाताने ओढणी. आपण म्हणतो लाजतात. लाज असतेच, पण दुखतंही. नीट आधार देणारी आतली बनियन हजारातल्या पाच मुलींकडेही नसते, आणि हे त्या कुणाला सांगणार? मी दर वर्षी जुलैमध्ये फक्त आयांची सभा घ्यायचे, दार लावून, आणि सरळ बोलायचे. खेळताना घालायची घट्ट सुती बनियन, स्पोर्ट्स ब्रा म्हणतात ती, दोन घ्या, फार महाग घ्यायची गरज नाही, मापाची घ्या. पहिल्या सभेत आया माना खाली घालून बसल्या होत्या. सभा संपल्यावर एक जण मागे थांबली आणि तिने मापाचं विचारलं. मग दुसरी थांबली.

कपड्यांचं मुख्याध्यापिकांकडून मंजूर करून घ्या: पी.टी.च्या दिवशी ट्रॅकपँट आणि सैल टी-शर्ट, ओढणी वर्गात. हा एक बदल झाला की निम्मं काम झालं असं समजा. वेण्या वर बांधायच्या, काचेच्या बांगड्या आणि टोकदार पिना काढून डब्यात ठेवायच्या.

पाळीचं. चिठ्ठी आणायची पद्धत आजच बंद करा. सगळ्या वर्गासमोर चिठ्ठी द्यायची म्हणजे सगळ्यांना सांगायचंच की. त्याऐवजी नियम असा ठेवा की तासाला कुणीही बसणार नाही, पण आज काय करायचं ते मुलीने स्वतः ठरवायचं. खेळेल, किंवा मैदानाला चालत फेऱ्या मारेल, किंवा शिट्टी आणि घड्याळ सांभाळेल, किंवा गुण लिहील. कारण विचारायचं नाही. पाळीत खेळल्याने काही बिघडत नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या. दर महिन्याला शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर मात्र आईला सांगून डॉक्टरकडे पाठवा, ते अंगावर काढायचं दुखणं नाही. सामानाच्या खोलीत पॅडचा डबा ठेवा आणि किल्ली मुलींकडेच द्या. स्वच्छतागृहात पाणी आहे का ते तुम्ही स्वतः जाऊन बघा, शिपायाला विचारून भागत नाही.

आणि दम लागतो म्हणणाऱ्या मुलीला आळशी समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी येते, ती मुली दप्तरात टाकतात किंवा बाहेर फेकतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. डबा खाल्ल्यावर, तुमच्या समोर घ्यायला लावा.

आता खेळ. तुम्ही खो-खो खेळला आहात, तर तोच घ्या. सामान लागत नाही, खर्च फक्कीचा, म्हणजे रेघा आखायच्या पांढऱ्या भुकटीचा. पण पूर्ण मैदान आखू नका. पूर्ण पाटीत, म्हणजे दोन खांबांमधल्या बसायच्या पट्ट्यात, आठ जणी बसणार, एक पळणार, आणि तुमच्या अठ्ठेचाळीस मुलींपैकी बाकीच्या पुन्हा लिंबाखाली. छोट्या पाट्या आखा, शेजारी शेजारी चार. प्रत्येकीत पाच बसलेल्या, एक आक्रमक, तीन संरक्षक, उरलेल्या तिघींपैकी एकीकडे घड्याळ, एकीकडे वही, एक पंच. तीन मिनिटांचा डाव, मग फिरवायचं. खांबांच्या जागी आधी मुलीच उभ्या केल्या तरी चालतं. मुरमावर खांबाजवळ सूर मारू द्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी. आणि तास सुरू होताना पाच मिनिटं सगळ्यांनी ओळीने खडे वेचायचे, तुम्हीसुद्धा.

बसायला नीट शिकवा. एक आड एक विरुद्ध दिशेला तोंड, चौकोनात पाय, हात टेकलेले, एक पाय किंचित पुढे, खो मिळाला की त्याच पायाने जमीन ढकलून उठायचं. पार्श्वभाग टेकून आरामात बसलेली मुलगी उठेपर्यंत संरक्षक दोन घरं पुढे गेलेली असते.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट, आणि माझ्या मते नववीच्या वर्गाला हीच सगळ्यात जास्त लागते. आवाज. खो मागून द्यायचा, हाताचा स्पर्श झाला पाहिजे आणि शब्द मोठ्याने आला पाहिजे. पाचवीतल्या मुली घसा फाडून ओरडतात. नववीतल्या मुली स्पर्श करतात आणि ओठ हलवतात. घरात, एसटीत, वर्गात सगळीकडे त्यांना हळू बोलायला शिकवून झालेलं असतं. मी पहिला आठवडा पळायला लावायचेच नाही. दोन रांगा समोरासमोर, मधे सगळं मैदान, आणि ह्या टोकाकडून खो म्हणायचं ते त्या टोकाला ऐकू आलं पाहिजे. ऐकू आलं तर समोरचीने हात वर करायचा. पहिल्या दिवशी हसण्यात तास जातो. जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी एखादी अशी ओरडते की ऑफिसातले कारकून बाहेर येऊन बघतात. त्या दिवसानंतर तिचं पळणंसुद्धा वेगळं दिसतं, कोपरं अंगापासून सुटतात.

लिंबाखालच्या मुलींबद्दल एक प्रसंग सांगते. नववीतली एक, कायम पायरीवर. खेळायचं नाही म्हणाली, मी वही दिली. कोण किती वेळ टिकली, कुणी कुणाला बाद केलं, सगळं सुवाच्य अक्षरात. पंधरवड्याने मला म्हणाली, "बाई, ती वर्षा हुलकावणी देते ना, तेव्हा तिचा खांदा हलत नाही. खरा खो द्यायचा असला की उजवा खांदा आधी खाली जातो." मी इतकी वर्षं शिकवत होते, माझ्या लक्षात आलं नव्हतं आणि वर्षाच्याही नव्हतं. मी म्हटलं, मग उतर आणि दाखव. ती उतरली, आणि वर्षाला तिने पूर्ण डाव दमवलं. पुढे ती संघात आली ती संरक्षक म्हणून. वेग बेताचा होता, नजर मात्र घारीची.

रस्त्याकडच्या भिंतीचं: पाट्या शाळेच्या इमारतीकडे सरकवा, रस्त्याकडे लेझीम किंवा दोरीच्या उड्या ठेवा, आणि तुम्ही स्वतः भिंतीच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहा. बाई बघतायत म्हटल्यावर मोटरसायकली फार वेळ थांबत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीकडे भिंत वाढवण्याचा किंवा हिरवी जाळी लावण्याचा अर्ज लेखी द्या. तोंडी सांगितलेलं विसरतात.

नववीचा तास देऊ नका, कितीही गोड बोलून मागितला तरी. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय आहे, त्याची श्रेणी द्यावी लागते. न घेतलेल्या तासाची श्रेणी कशी द्यायची, एवढंच मुख्याध्यापिकांना शांतपणे विचारा.

---

सांधेजोड

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, शाळा-कॉलेजच्या खेळाडू मुली रोज बघते. वरचं सगळं पटलं. गुडघ्यांबद्दल थोडी भर.

उड्या, अचानक थांबणं आणि वळणं असलेल्या खेळांत गुडघ्यातला लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे, आणि ते वयात येण्याच्या सुमारास वाढायला लागतं. खो-खो आणि कबड्डी दोन्ही त्यातच मोडतात. म्हणून खेळायचं थांबवू नका, तयारी करून घ्या.

साधी तपासणी सांगते. मुलीला एका पायावर उडी मारून त्याच पायावर थांबायला सांगा आणि समोरून बघा. गुडघा पावलाच्या रेषेत राहतो की आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतो? आत झुकत असेल तर त्या पायाची ताकद आणि तोल कमी आहे. आपल्याकडे ह्यावर बिनखर्चाचा उपाय आहे तो म्हणजे लंगडी. मात्र दोन्ही पायांवर घ्या. मुली आवडत्या पायावरच घालतात आणि दुसरा पाय कच्चाच राहतो. तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं: हळू पळणं, बाजूला पळणं, उठाबशा, एका पायावर तोल, दोन्ही पायांची लंगडी, उडी मारून गुडघे वाकवून मऊ उतरणं. पाय धप्प वाजला तर उतरणं चुकलं, मुलींना हे कानाने लगेच कळतं.

गुडघा पिरगळला, आतून काही तुटल्यासारखं वाटलं आणि त्याच दिवशी सूज आली तर मालीश नको, ओढून बसवणारा नको, हाडांच्या डॉक्टरकडेच. माझ्याकडे सहा-सहा महिने लेप लावून आलेल्या मुली येतात. तोवर मांडी बारीक झालेली असते आणि घरच्यांनी खेळ कायमचा बंद करून टाकलेला असतो.

---

आठवीतल्या_मुलीची_आई

मी शिक्षिका नाही, धाराशिवची आहे, पालकांच्या बाजूने लिहिते. आमच्या जिल्ह्यात खो-खोचं वेड आहे. सारिका काळेला २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या गल्लीतसुद्धा पेढे वाटले. तरी माझ्या मुलीने सरावाला थांबायचं म्हटल्यावर घरात पहिल्यांदा नाहीच म्हटलं गेलं, आणि नाही म्हणणारी मीच होते.

ताई, आम्ही "काळी पडेल", "पाय मोडेल" म्हणतो, पण पोटातली भीती एसटीची असते. सराव साडेपाचला संपतो, गावाकडची गाडी सव्वापाचची, पुढची सातला. स्टँडवर दीड तास मुलगी एकटी. हे शाळेत जाऊन सांगायला जड वाटतं, म्हणून उन्हाचं नाव. मुलीच्या बाईंनी सराव सकाळी सातला ठेवला, शाळा भरायच्या आधी. सकाळच्या गाडीला गावातली सगळीच पोरं असतात. माझी अडचण तिथेच संपली. तुमच्या लिंबाखालच्या मुलींपैकी किती जणी बाहेरगावच्या आहेत ते एकदा बघा.

दुसरं, आम्हालाही बोलवा. आमच्या शाळेत एका शनिवारी आयांची लंगडी घेतली. पदर खोचून आम्ही खेळलो. माझी जाऊ, जिने स्वतःच्या मुलीला कधी मैदानावर सोडलं नव्हतं, ती सगळ्यात शेवटपर्यंत टिकली आणि घरी येताना सबंध रस्ताभर शाळेत असताना आपण कुणाकुणाला बाद केलं ते सांगत होती. सोमवारी तिने मुलीसाठी बूट आणले.

---

माणदेशी_गणित

सगळ्यांचे मनापासून आभार. धाराशिवच्या ताई, तुमचं वाचून आज हजेरीपट घेऊन बसले. नववीत लिंबाखाली बसणाऱ्यांपैकी बहुतेक जणी वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या निघाल्या. तासाला त्या का बसतात ह्याचं उत्तर त्यात पूर्ण नाही, पण बाकीच्या मुली सरावाला थांबतात आणि ह्यांना थांबता येत नाही, मग तासालाही "आम्ही कुठे संघात येणार" असं त्यांचं ठरलेलं असतं. एकीने आज तसं बोलूनच दाखवलं. सकाळच्या सरावाचं मुख्याध्यापिकांशी बोलले. त्यांनी पंधरा दिवस करून बघायला हो म्हटलं. ट्रॅकपँटलाही हो. नववीचा तास पी.टी.लाच राहिला.

आवाजाचा तास काल घेतला. हसण्यातच गेला, अगदी तुम्ही लिहिलं तसा. पण तास संपल्यावर दोघी जणी जिन्यात एकमेकींना खो देत वर गेल्या.

दोन शंका. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या भारतीय संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं, तो सामना मी मुलींना प्रोजेक्टरवर दाखवला. आता त्या विचारतात की तिथे मॅटवर सातच जणी का होत्या? आणि खांब कुठून आणू? आमच्याकडे लोखंडी पाइप पडून आहेत.

---

खांब_ते_खांब

विश्वचषक सात-सात जणींच्या नव्या, झटपट प्रकाराने खेळवला गेला. मी शिकवला तो शालेय खो-खो मातीवरचा, नऊ जणी मैदानात उतरणारा. तुम्ही सराव त्याचाच घ्या, आणि यंदाचं परिपत्रक आलं की खेळाडूंची संख्या आणि डावाची वेळ त्यातूनच घ्या. मॅटवरचा सामना दाखवलात ते उत्तम केलंत, पण तसे सूर मुरमावर मारायचे नाहीत हे पुन्हा बजावा. पोरी बघितलेलं लगेच करून बघतात.

लोखंडी पाइप नकोत. वळताना हात आणि छाती त्यावर घासते, आणि उन्हात तो तापतो. गावातल्या सुताराकडून लाकडाचे दोन खांब करून घ्या, गुळगुळीत तासलेले, वरपासून खालपर्यंत एकसारखी जाडी, कुठे खिळा नाही, कड नाही. जमिनीच्या वर १२० सेंटिमीटर राहिले पाहिजेत, म्हणजे तेवढेच लांब करून उपयोग नाही, पुरायला दोन-अडीच फूट जास्तीचे धरा. पावसाळ्यात माती मऊ होते, रोज तास सुरू होण्याआधी दोन्ही खांब हाताने हलवून बघा.

फक्की टाकताना मुलींना लांब ठेवा, डोळ्यात गेली तर वाईट. आणि स्पर्धेचे अर्ज ऐनवेळी भरायला बसू नका. वयोगट चौदा आणि सतराच्या आतले, वय जन्मतारखेवरच धरतात. त्यामुळे नववीतल्या काही मुली अजून लहान गटात बसतात का ते जनरल रजिस्टर उघडून बघा. नोंदणी ऑनलाइन असते, पण बोनाफाइड, जन्मतारखेचा पुरावा आणि मुख्याध्यापिकांची सही-शिक्का ऐनवेळी मिळत नाही. आठवी-नववीतल्या सगळ्याच मुलींचे कागद आत्ताच काढून एका फायलीत लावून ठेवा, संघात कोण येईल ते नंतर ठरेल.